देशमुख: एका आडनावाच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२४

काकांनी घरची वंशावळ माझ्या हवाली केली. वहीच्या पहिल्या पानावर मूळ पुरुष, त्याखाली त्याचे मुलगे, मग त्यांचे मुलगे, असं उतरत उतरत आमच्या पिढीपर्यंत. काकांची इच्छा अशी की हाच धागा धरून वऱ्हाडातल्या, जमलं तर सगळ्या महाराष्ट्रातल्या देशमुखांचा एक मोठा वृक्ष तयार करावा. भाच्याला संगणकाची चांगली जाण आहे, त्याने लगेच तक्ते मांडायची तयारी दाखवली.

मी म्हटलं, "काका, देशमुख हे कुळाचं नाव नाही, हुद्द्याचं आहे. एक वृक्ष नाही निघायचा, रान निघेल."

"मग रान मोज. पण मोज," काका म्हणाले.

तर काम ठरलं ते असं: ज्या ज्या घराण्याला देशमुख आडनाव लागलं, ते कुठल्या परगण्याच्या वतनामुळे (वंशपरंपरेच्या हुद्द्यामुळे आणि त्याच्या हक्कांमुळे), त्याआधी त्या घराण्याचं आडनाव काय होतं, आणि आज हे आडनाव कुठे दाट आहे आणि कुठे विरळ. वंशावळ बाजूला ठेवलेली नाही. पण तिचा मान एका घराण्यापुरता.

२१ जानेवारी

आधी हुद्दा नीट समजून घ्यायला हवा, म्हणून आजची सगळी बैठक त्यावरच.

गावाच्या पातळीवर पाटील आणि कुलकर्णी. पाटील गावाचा प्रमुख, कुलकर्णी हिशेब लिहिणारा. अनेक गावं मिळून परगणा, आणि परगण्याच्या पातळीवर हीच जोडी पुन्हा दिसते: देशमुख आणि देशपांडे. देशपांड्यालाच काही भागांत देशकुलकर्णी म्हणत. देशमुखाने वसुलाची जबाबदारी घ्यायची, परगण्यात बंदोबस्त ठेवायचा, तंट्यांत गोतसभेला (वतनदारांच्या आणि भाऊबंदांच्या न्यायसभेला) बसायचं. देशपांड्याने दप्तर सांभाळायचं. जुन्या कागदांवर सहीऐवजी निशाणी असते. पाटील-देशमुखांची नांगर, लिहिणाऱ्यांची लेखणी. मोडी येत नसणाऱ्यालाही कागद कोणाचा ते तेवढ्यावरून कळतं.

बहामनी राज्य गेलं, आदिलशाही-निजामशाही आली आणि गेली, मोगल आले. देशमुख मात्र जागेवरच राहिला. कारण वतन वंशपरंपरेने चालत होतं, भावाभावांत वाटता येत होतं, विकतासुद्धा येत होतं. वरचा राजा बदलला तरी परगण्याची माहिती ज्याच्याकडे, त्याच्यावाचून वसूल होत नसे. हक्क-लाजिमा (हुद्द्याबद्दल मिळणारं उत्पन्न), इनाम जमीन, सणावारी मानपान, हे सगळं त्या नावाला चिकटलेलं. आमच्या गावात पोळ्याचा पहिला मान कोणाच्या बैलांचा, यावर अजून दोन पात्यांत, म्हणजे घराण्याच्या शाखांत, बोलणं होतं. वतन जाऊन सत्तर वर्षं झाली तरी.

सरदेशमुख हा त्याच्याही वरचा हक्क. शिवाजी महाराजांनी शेकडा १० सरदेशमुखीचा दावा मांडला, आणि १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाईबरोबर तिचीही सनद आणली. यामुळे 'सरदेशमुख' आडनावाची घराणी वेगळ्या तक्त्यात घ्यायची असं ठरवलं.

४ फेब्रुवारी

भाचा विचारत होता, "मावशी, हे एक कूळ नाही हे लोकांना पटवणार कसं?" त्याला म्हटलं, ज्यांची चरित्रं सगळ्यांना माहीत आहेत अशी माणसं शेजारी शेजारी मांडू.

लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, जन्म १८२३, पुणे. चित्पावन घराणं, मूळ आडनाव सिद्धये. देशमुखी वतन घराण्याकडे होतं म्हणून देशमुख.

डॉ. पंजाबराव देशमुख, जन्म १८९८, अमरावती जिल्ह्यातलं पापळ. शेतकरी मराठा-कुणबी समाजातले, मूळ आडनाव कदम. १९५२ पासून दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री, आणि त्याआधीपासून शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने विदर्भातल्या खेड्यांत शाळा पोहोचवणारे.

सी. डी. देशमुख, म्हणजे चिंतामणराव. जन्म १८९६, रायगडाच्या पायथ्याजवळचं नाते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली मंत्रिपद सोडणारे.

नानाजी देशमुख, म्हणजे चंडिकादास अमृतराव, जन्म १९१६, आजच्या हिंगोली जिल्ह्यातलं कडोळी. देशस्थ ब्राह्मण. विलासराव देशमुख, लातूरजवळचं बाभळगाव, मराठा.

एवढ्या पाच जणांत आडनाव एक, कुळं पाच, जाती चार. गोत्र वेगळं, कुलदैवत वेगळं, सोयरीक तर कधी जुळणारच नव्हती. याखेरीज मराठवाड्यात आणि कोकणात मुस्लिम देशमुख आहेत, लिंगायत देशमुखही आहेत. वतनाला जातीधर्माशी कर्तव्य नव्हतं. परगण्याचा वसूल कोण आणून देतो, एवढंच पाहिलं जाई. मला या आडनावाची सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. आज कोणी "मी देशमुख" म्हणतो तेव्हा त्याची जात त्यातून कळत नाही. काकांनाही हे पान फार आवडलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं.

१८ फेब्रुवारी

आज उलट बाजूने पाहिलं. ज्यांनी देशमुखी केली पण आडनाव देशमुख लावलं नाही, त्यांची यादी. ही यादी जास्त लांब निघते आहे.

रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे. आडनाव जेधेच राहिलं. हिरडस मावळचे बांदल, गुंजण मावळचे शिळीमकर, मोसे खोऱ्याचे पासलकर, कानद खोऱ्याचे मरळ, हे सगळे देशमुखच. पुणे परगण्याचे शितोळे, फलटणचे निंबाळकर, म्हसवडचे माने, सिंदखेडचे जाधव. लखुजी जाधवरावांना आपण जिजाऊंचे वडील म्हणून ओळखतो, पण सिंदखेडची देशमुखी हा त्यांच्या घराण्याचा पाया होता. यांपैकी काहींच्या वंशात आज 'शितोळे देशमुख', 'जेधे देशमुख' अशी जोडनावं सापडतात. काहींत मागचा शब्द गळून गेला.

अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी, १६५९ साली, कान्होजींनी वतनावर पाणी सोडलं ही हकिकत सगळ्या मावळाला पाठ आहे. तिचं वजन कळायला वतन म्हणजे काय हे कळावं लागतं. पिढ्यानपिढ्यांचा हक्क, जमीन, मान आणि नाव, सगळं त्या पाण्याबरोबर सोडायचं. शिवाजी महाराजांनी वतनदारांचे वाडेहुडे (तटाबुरुजांचे वाडे) आणि स्वतःचा वसूल घेण्याची पद्धत मोडून काढली. राजाराम महाराजांच्या काळात मोगलांशी झुंज चालू असताना पुन्हा वतनं द्यावी लागली, कारण औरंगजेबही त्याच देशमुखांना आपल्याकडे ओढत होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलं आहे. दायाद म्हणजे वाटा मागणारे भाऊबंद. हुद्द्याच्या नावाखाली किती ताकद होती ते त्या एका शब्दात येतं.

माझं मत असं बनलं आहे की जिथे कुळाचं नावच मोठं होतं तिथे हुद्द्याने आडनावाची जागा घेतली नाही. जाधव, निंबाळकर, माने यांना 'देशमुख' म्हणवून घेऊन काही मिळवायचं नव्हतं. ज्या घराण्याची ओळख परगण्याबाहेर पोहोचलेली नव्हती, त्याला हुद्दाच नाव म्हणून उपयोगी पडला.

२ मार्च

तेलंगणाचं पान. निजामाच्या मुलखात मराठवाडा आणि तेलंगण या दोन्हीकडे देशमुख होते. पण तेलंगणात ते आडनाव झालं नाही, पदवीच राहिली. विसुनूरचा देशमुख म्हणून जो १९४६ ते १९५१ च्या शेतकरी लढ्यात कुप्रसिद्ध झाला, तो रेड्डी. चाकली ऐलम्माने आपल्या कसलेल्या जमिनीसाठी ज्याच्याशी झुंज दिली तो हाच. तिथल्या माणसाला 'देशमुख' हा शब्द ऐकून आजही जमीन बळकावणारा 'दोरा', म्हणजे जमीनदार, आठवतो. आपल्या प्रकल्पात ही आठवण गाळायची नाही, हे आज मुद्दाम लिहून ठेवते. काका थोडे नाराज झाले. मी त्यांना म्हटलं, लोकहितवादी आणि पंजाबराव आपले म्हणायचे तर हेही याच नावाखाली येतं.

देसाई हीही याच दर्जाची वतनदारी. दक्षिण कोकण, कर्नाटक आणि गुजरात या पट्ट्यात देशमुखाच्या जागी देसाई दिसतो, अनाविल ब्राह्मणांपासून लिंगायतांपर्यंत. देसायांची मोजणी आपण करत नाही, पण नकाशावर देशमुख जिथे संपतात तिथे देसाई सुरू होतात का, हे बघण्यासारखं आहे.

१७ मार्च

वऱ्हाड. या प्रकल्पाचं खरं घर.

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा या भागात हे आडनाव इतकं आहे की शाळेत हजेरी घेताना एका वर्गात तिघं-चौघं देशमुख निघायचे. इथल्या देशमुखांनी मूळ आडनाव मागे टाकलं, पण विसरले नाहीत. लग्न ठरवताना ते बाहेर येतं. "आम्ही देशमुख, मूळचे कदम." "आम्ही मूळचे जाधव." मग देवक, म्हणजे कुळाचं पूज्य चिन्ह, विचारलं जातं. देवक एक निघालं तर बोलणी तिथेच थांबतात, वेगळं असेल तर देशमुखांची मुलगी देशमुखांच्याच घरी जाते. पुष्कळ घरांत असंच आहे. माझी आजी माहेरची देशमुख आणि सासरचीही देशमुख, आणि दोन्ही घरांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध नाही.

वऱ्हाडात देशमुखी करणारी शेतकरी घराणी आपसांत सोयरीक करत करत एक वेगळा थर बनून गेली. मोठ्या कुणबी समाजातून वर आलेली, मराठा म्हणवणारी, मुलगी देताना देशमुखी बघणारी. या थराला पूर्वी किती अभिमान होता आणि त्यापायी किती मुलींची लग्नं अडून राहिली, हे आमच्या घरातल्या बायकांनी सोसलेलं आहे. पंजाबरावांनी स्वतः जातीबाहेर लग्न केलं ते याच वऱ्हाडातून उठून.

आता गणिताचा भाग. जॉर्ज डार्विन, म्हणजे चार्ल्स डार्विन यांचा मुलगा, याने १८७५ साली इंग्लंडमध्ये नवरा-बायकोचं लग्नाआधीचं आडनाव एकच असलेल्या जोडप्यांवरून चुलत-मामे भावंडांच्या लग्नांचं प्रमाण काढायची पद्धत मांडली. लोकसंख्याशास्त्रात ती अजून वापरतात. ती पद्धत वऱ्हाडावर तशीच लावली तर आमची सगळी गावं जवळच्या नात्यात लग्नं करणारी ठरतील. भाच्याला हे उदाहरण पटलं. आडनाव एक असणं आणि पूर्वज एक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या तक्त्यात त्या दोन वेगळ्या रकान्यांत राहणार: 'लावतात ते आडनाव' आणि 'मूळ आडनाव'. तिसरा रकाना देवकाचा किंवा गोत्राचा. चौथा कुलदैवताचा.

३१ मार्च

त्र्यंबकेश्वरला कुळाच्या उपाध्यांकडे जाऊन आले. तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने गाव, नाव, बापाचं नाव, भावांची नावं लिहिलेली असतात. आमच्या गावाच्या पानावर पणजोबांचं अक्षर मिळालं. त्यांनी आपल्या आईचं आणि बायकोचंही नाव लिहिलं आहे. काकांच्या वहीत या दोघींच्या जागी काहीही नाही. पणजीचं नाव मला आज पहिल्यांदा कळलं. इथे लिहीत नाही, घरच्या वहीत तिच्या जागेवर लिहिलं.

कोल्हापूर-सांगलीकडे हेच काम हेळवी करतात. गावोगाव फिरून घराण्याची वंशावळ वाचून दाखवतात, नवीन जन्म लिहून घेतात. तिकडच्या देशमुख घरांना विचारायचं तर हेळव्यांमार्फत विचारावं.

१४ एप्रिल

मोजणीची सुरुवात. भारताची जनगणना आडनावांचे आकडे प्रसिद्ध करत नाही, त्यामुळे हाताशी असलेलं सर्वांत व्यापक साधन म्हणजे मतदार यादी. विधानसभा मतदारसंघाचे भाग, प्रत्येक भागात मतदाराचं नाव, वय, लिंग, घर क्रमांक, आणि वडिलांचं किंवा पतीचं नाव. भाच्याने यादीतली चित्रं अक्षरांत उतरवून घेणारा प्रोग्रॅम लिहिला. जोडनावांत यंत्र पहिलाच शब्द आडनाव धरतं, म्हणून 'शितोळे देशमुख' शितोळ्यांत जातात. ते हाताने तपासायचं.

नुसती बेरीज केली तर पुणे आणि मुंबईच वर येणार, कारण माणसंच तिथे जास्त. म्हणून दर हजार मतदारांमागे किती देशमुख, हा आकडा नकाशावर चढवायचा. तसं केलं की शहरं फिकी पडतात आणि जुने परगणे वर येतात.

बायकांच्या बाबतीत यादी काय सांगते हे नीट लक्षात घ्यायला हवं. यादीतल्या देशमुख स्त्रिया म्हणजे बहुतेक सुना. लग्न झालेल्या लेकी दुसऱ्या आडनावाखाली गेलेल्या असतात. मात्र 'वडिलांचे नाव' आणि 'पतीचे नाव' यांतला फरक छापलेला असतो, त्यामुळे लेकी आणि सुना वेगळ्या काढता येतात. वंशाची दाटी बघायची तर पुरुष आणि वडिलांचं नाव लावणाऱ्या स्त्रिया, एवढेच धरायचे. आडनाव लावणारी एकूण माणसं बघायची तर सगळ्या. दोन्ही नकाशे करू.

आडनाव लग्नाने किती दूर जातं याचं मोठं उदाहरण दुर्गाबाई देशमुख. जन्म राजमहेंद्रीचा, १९०९. संविधान सभेच्या कामकाजात त्या जी. दुर्गाबाई आहेत. १९५३ साली चिंतामणरावांशी विवाह झाला आणि कोकणातल्या एका वतनाचं नाव आंध्रातल्या बाईला मिळालं. आज दिल्ली-हैदराबादला या आडनावाच्या संस्था आणि रस्ते दिसतात ते बहुतांशी त्यांच्या कर्तृत्वामुळे.

५ मे

पणजीच्या नावापासून डोक्यात एकच प्रश्न होता. वहीत बायका का नाहीत? "तशी रीत होती" हे उत्तर पुरत नाही. आज कायदा वाचला.

मुंबई इलाख्यापुरता १८७४ चा मुंबई वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा, ज्याला सगळे वतन कायदा म्हणतात. वतनाच्या वारसांची नोंद सरकार दरबारी ठेवायची ती या कायद्याने. पुढे १८८६ च्या दुरुस्तीने ठरवलं की वतनदार घराण्यातली स्त्री, शेवटच्या वतनदाराची विधवा सोडून, आणि स्त्रीच्या बाजूने हक्क सांगणारा कोणीही, घराण्यातल्या सगळ्या पुरुषांच्या मागे. म्हणजे सख्खी मुलगी असताना लांबचा भाऊबंद आधी. वंशावळ कशासाठी लिहिली जात होती? वतनाचा वारस दाखवायला. ज्या मुलीला त्यात जागाच नाही तिचं नाव कारकून लिहील कशाला? काकांची वही वऱ्हाडातली असली तरी अशाच एका वारसनोंदीची नक्कल आहे. शेवटच्या पानावर मामलेदार कचेरीचा उल्लेख आहे.

म्हणून ठरवलं, आपल्या प्रकल्पात प्रत्येक घराण्याकडून लेकींची नावं आणि त्या कुठे दिल्या ते गाव, ही माहिती घ्यायचीच. तिच्याशिवाय पान पूर्ण धरायचं नाही. काका पहिल्यांदा म्हणाले, "अगं, लोक देणार नाहीत." मग स्वतःच बसून त्यांनी आपल्या पाचही आत्यांची नावं आणि गावं सांगितली.

२ जून

एक कुटुंब डीएनए चाचणीविषयी विचारत होतं. पुरुषांकडून पुरुषांकडे जाणारं वाय गुणसूत्र आणि आडनाव एकाच वाटेने चालतात, त्यामुळे एका आडनावाचे सगळे एका पूर्वजाचे का हे त्यावरून दिसतं, असा युक्तिवाद. एका मूळ पुरुषापासून निघालेल्या आडनावाला तो लागू होईल. देशमुखांना दोन कारणांनी नाही. एक तर मूळ पुरुष अनेक. दुसरं म्हणजे दत्तक. वतन टिकवायचं तर वारस हवा, आणि मुलगा नसेल तर दत्तक घ्यायचा. वतनदार घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. आमच्याच वहीत दोन ठिकाणी 'द.' लिहिलेलं आहे.

गाल्टन आणि वॉटसन यांनी १८७४ साली आडनावं नाहीशी का होतात याचं गणित मांडलं. फक्त मुलग्यांकडून पुढे जाणारं नाव, ज्यांना मुलगा झालाच नाही त्यांच्याबरोबर संपत जातं, आणि पिढ्या सरतील तशी पुष्कळ आडनावं निव्वळ योगायोगाने पुसली जातात. दत्तकाची चाल या गणिताच्या आड उभी राहते. शिवाय वतनाच्या वाटण्या झाल्या की धाकट्या पातीनेही देशमुख हेच नाव धरलं. ज्यांच्याकडे प्रत्यक्ष काम नव्हतं त्यांनीही. देशमुख दाट व्हायला ही दोन कारणं पुरेशी आहेत असं मला वाटतं.

२३ जून

दप्तरांची उजळणी, थोडक्यात.

गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूसाठी. शाळेचं जनरल रजिस्टर. जमिनीसाठी जुने फेरफार आणि इनामपत्रक. १८५२ च्या इनाम कमिशनचे कागद. मराठवाड्यातले जुने कागद उर्दू-फारसीत, बाकीचे मोडीत, म्हणून दोन वेगळे वाचक हवेत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात हीच दप्तरं घराघरांत चर्चेला आली आहेत, त्यामुळे तलाठी कार्यालयात "कोतवाल बुक बघायचं आहे" म्हटलं की आता कोणी चकित होत नाही. पुष्कळ नोंदींत आडनावाचा रकानाच नाही, नाव आणि बापाचं नाव, पुढे जात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी "आडनाव?" विचारलं आणि कोणी मूळ सांगितलं, कोणी हुद्दा सांगितला. सख्ख्या भावांच्या दोन शाखा आज दोन आडनावांनी चालतात त्या यामुळे. अशी जोडी एका घरात सापडली, एक शाखा कदम, एक देशमुख, पोळा अजून एकत्र.

१४ जुलै

महाराष्ट्राबाहेर.

बैतूल आणि छिंदवाड्यात देशमुख बरेच. नकाशा उघडला की कोडं राहत नाही. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यात गावील, नरनाळा, वाशिम, माहूर, मेहकर यांच्याबरोबर खेरला हेही एक 'सरकार', म्हणजे सुभ्याचा विभाग, होतं, आणि खेरला म्हणजे बैतूलजवळचा किल्ला. आजची राज्याची सीमा त्या मुलखाच्या मधून गेली आहे. माणसं आणि हुद्दे तिच्याआधीचे.

छत्तीसगढमध्ये दुर्ग-बालोद भागात दिल्लीवार कुर्मी समाजात देशमुख आडनाव आहे. छत्तीसगढी लोकरंगभूमीला 'चंदैनी गोंदा' देणारे दाऊ रामचंद्र देशमुख त्यांच्यातले. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता, १८५४ साली नागपूर खालसा होईपर्यंत. या देशमुखांची घरची भाषा छत्तीसगढी, देवदेवस्की वेगळी, सोयरीक आपल्या समाजात. त्यांना महाराष्ट्रातल्या कुठल्याही घराण्याला जोडायचं नाही, त्यांचं पान स्वतंत्र.

११ ऑगस्ट

वतन संपलं कसं, यावर आज काकांशी लांब बोलणं झालं. त्यांना त्यातला शेवटचा भाग आठवतो.

इंग्रजांनी कलेक्टर, मामलेदार नेमले तेव्हाच देशमुखाचं काम सरलं होतं. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात गॉर्डन यांच्या तडजोडीने चाकरी माफ झाली आणि वतनदारांनी ठरावीक रक्कम भरून उत्पन्न ठेवायचं असं ठरलं. म्हणजे काम गेलं, उत्पन्न आणि नाव राहिलं. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांकडे आला आणि तिथेही थोड्याफार फरकाने हेच. मुंबई राज्यात शेवट केला तो मुंबई परगणा व कुलकर्णी वतने नाहीशी करण्याच्या १९५० च्या कायद्याने, अंमल १ मे १९५१ पासून. वतन जमिनी सरकारजमा, मग कब्जेहक्काची रक्कम भरून त्याच धारकांना परत, नवीन शर्तीने. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसतं आणि विकताना परवानगी लागते ते पुष्कळदा यामुळे. पश्चिम महाराष्ट्रातल्या आमच्या एका सोयऱ्यांचा सातबारा समोर ठेवून भाच्याला दाखवलं. त्याच्या पिढीला हा शेरा म्हणजे नुसती कटकट. त्यामागे तीनशे वर्षांचा व्यवहार आहे हे त्याला आज दिसलं.

काका म्हणाले, "वतन गेलं त्याचं दुःख वडिलांना होतं. मला नाही. जमीन कसणारी कुळं मालक झाली ते बरंच झालं." मग थोडं थांबून, "नाव मात्र टाकवत नाही."

मलाही टाकवत नाही. पापळसारख्या खेड्यातून निघून शेकडो शाळा उभ्या करणाऱ्या माणसाचं आडनाव आपलं आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि त्याचं घराणं माझं नाही हे माहीत असूनही वाटतो.

८ सप्टेंबर

प्रश्नपत्रिका कायम केली. लावतात ते आडनाव, मूळ आडनाव, परगणा, पाती थोरली की धाकटी, देवक किंवा गोत्र, कुलदैवत, दत्तक असल्यास कुठून, लेकी आणि त्यांची गावं, सुनांची माहेरची आडनावं. जातीचा रकाना ऐच्छिक ठेवला. भाच्याचा आग्रह होता की तो नकोच. मी ठेवला, कारण एकाच हुद्द्यावर इतक्या समाजांची माणसं बसली होती हे आकड्यांत दिसायला हवं. पण भरायचा की नाही ते भरणाऱ्याने ठरवावं.

जिवंत माणसांची नावं जाहीर तक्त्यात येणार नाहीत. तिथे फक्त गाव, परगणा आणि मूळ आडनाव.

पहिली पानं गावील आणि नरनाळा या सरकारांतल्या परगण्यांची काढतो आहोत. अचलपूर, अंजनगाव, दर्यापूर, अकोट इथल्या घरांना पत्रं गेली. मावळातल्या जोडनावांच्या घरांना दिवाळीनंतर, शेतीची कामं आटोपली की. दुर्गची प्रश्नपत्रिका हिंदीत करून द्यायची आहे, ती भाचा करतो आहे. काकांनी घरच्या वहीची नवी प्रत लिहायला घेतली आहे. प्रत्येक पुरुषाच्या शेजारी आता दोन जागा मोकळ्या सोडल्या आहेत, बायकोसाठी एक आणि लेकींसाठी एक, आणि तिसऱ्या पिढीपर्यंत त्या भरूनही झाल्या.